धाकटे आवटी

निवृत्तीला तीन दिवस उरले असताना शिरीष आवटींच्या लक्षात आलं, की आपली खुर्ची आधीच भरली गेली आहे आणि भरणारा आपल्याइतकंच चांगलं काम करतो. ही गोष्ट कुणालाही झोंबेल. आवटींना ती जरा जास्तच झोंबली, कारण भरणाऱ्याला हात, पाय, पोट यांपैकी काहीच नव्हतं.

सर्व्हर रूममध्ये जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी बसवली होती. कागदोपत्री तिचं नाव 'वारस'. पण समडोळे पंप्समध्ये कुठल्याही वस्तूला कागदावरच्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. कँटीनमध्ये तिचं बारसं कधीच उरकलं होतं: धाकटे आवटी. "धाकटे आवटी चहा घेत नाहीत, एवढं सोडलं तर काही फरक नाही बघा," असं फाउंड्रीतली माणसं थोरल्या आवटींच्या तोंडावर म्हणत, आणि थोरले आवटी हसत. हसून झालं की उठून सर्व्हर रूमपर्यंत जाऊन येत. दिवसातून वीसेक फेऱ्या व्हायच्या. जाऊन करायचं काही नसे. दिवा हिरवा आहे एवढं बघायचं आणि परत यायचं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना आप्पासाहेब समडोळ्यांनी एका लेथवर सुरू केला होता. आता तिथं साडेतीनशे माणसं होती आणि इथले सबमर्सिबल पंप पार केनियातल्या बोअरमध्ये उतरत होते. आवटी पंचविसाव्या वर्षी इथं लागले, तेव्हा आयटी विभाग म्हणजे प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेला एक कॉम्प्युटर आणि ते स्वतः. पुढच्या पस्तीस वर्षांत केबल बदलल्या, मशिनं बदलली, पासवर्ड तर किती बदलले त्याला गणतीच नाही. आवटी तेवढे तेच राहिले.

वारसचं तत्त्व समजायला सोपं आहे. माणूस निवृत्त होतो तेव्हा माहिती कुठं जात नाही. ती फायलींत असते, मेलमध्ये असते. जातो तो त्याचा निवाडा. कुठला अलार्म खरा आणि कुठला उगीच कोकलतोय, कुणाची तक्रार आज घ्यायची आणि कुणाची परवावर ढकलायची, हे तो कशावरून ठरवतो ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. विचारलं तर काहीतरी सांगतो, आणि ते बहुधा चूक असतं. म्हणून शास्त्रज्ञांनी माणसाला विचारणंच सोडून दिलं आणि त्याचं अडखळणं मोजायला घेतलं. कपाळावर एक पातळ पट्टी लावायची. तिच्यातला अवरक्त प्रकाश कवटीच्या आत जाऊन परत येतो आणि मेंदूच्या पुढच्या भागात रक्त किती धावतंय ते सांगतो. चष्म्याच्या काडीतला बारीक कॅमेरा डोळ्याच्या बाहुलीवर नजर ठेवतो. माणूस दोन पर्यायांच्या मध्ये अडकला की रक्त वाढतं, बाहुली पसरते. निर्णय झाला की दोन्ही जागेवर येतात. असं नव्वद दिवस मोजायचं आणि त्याला मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी जोडायच्या. हा माणूस कशापाशी थांबतो आणि काय केल्यावर त्याला हायसं वाटतं, याचा एक नकाशा तयार होतो. तो नकाशा पेटीत भरला, की झाला वारस.

या पेट्या जागोजागी बसायला लागल्या तेव्हा सरकारनं एक कायदाही केला होता. माणसाच्या जागी निर्णय घेणाऱ्या यंत्राला, ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्यानं 'का?' असं विचारलं, तर यंत्रानं साध्या भाषेत खरं कारण सांगायचं. टाळाटाळ करायची नाही. माणसांसाठी असा कायदा अजून कुणी केलेला नाही.

आता आवटींचं एक काम असं होतं, की ते जगातल्या कुठल्याच आयटी मॅनेजरच्या यादीत सापडणार नाही. ते काम म्हणजे निरोपाची वही.

आप्पासाहेबांना दोन मुलगे. थोरले भूपाल, त्यांना सगळे दादा म्हणत. धाकटे सुकुमार, ते अण्णा. बारा वर्षांपूर्वी आप्पासाहेब गेले, तेव्हा अण्णा प्रदर्शनासाठी कोइमतूरला होते. विमान उशिरा सुटलं. इकडं घरच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं. दादांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग अग्नी दिला. अण्णा पोचले तेव्हा चिता पेटून तास होऊन गेला होता. स्मशानात, चारशे माणसांसमोर, अण्णा जे बोलले ते बोलले. त्या दिवसापासून दोघा भावांमध्ये एक शब्द नाही.

कारखाना मात्र दोघांचा. केबिनी समोरासमोर, मध्ये काच आणि दहा पावलांचा पॅसेज. दोघांच्याही केबिनीत न विचारता जाणारा माणूस एकच, कारण दोघांचेही कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. मग एके दिवशी दादा म्हणाले, "शिरीष, त्याला जरा सांगून ये." संध्याकाळी अण्णा म्हणाले, "शिरीष, त्याला म्हणावं..." आणि पद्धत पडून गेली. रोज सकाळी दहा वाजता आवटी आधी दादांच्या समोर बसत, मग अण्णांच्या. कोण काय बोलला ते आपल्या टॅबवर उतरवत आणि नीट भाषेत पलीकडच्या स्क्रीनवर पाठवत. आवटींनी यासाठी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचं नाव 'वही' असंच ठेवलं होतं. त्यांचा एक बाणा होता: नोंद म्हणून पुसायची नाही. त्यामुळे वहीत प्रत्येक निरोपाचे दोन अवतार जपलेले असत. एक बोललेला, एक पाठवलेला.

'नीट भाषेत' म्हणजे काय, ते मंगळवारी धाकट्या आवटींनी पहिल्याच परीक्षेत दाखवून दिलं. दोन्ही केबिनींत आता टेबलावर एक छोटं यंत्र होतं, त्याच्याशी बोलायचं. दादा त्यात म्हणाले, "त्या शहाण्याला सांगा, भट्टीची वेळ मला न विचारता बदलायला हा काय त्याच्या एकट्याचा कारखाना आहे काय." दोन सेकंदांत थोरल्या आवटींच्या टॅबवर मसुदा आला: 'भट्टीच्या वेळेतला बदल आधी कळला, तर दादांना पुढचं नियोजन सोपं जाईल.' खाली तीन बटणं होती: मंजूर, दुरुस्त आणि कायद्यानं सक्तीचं 'कारण'. पहिले काही दिवस प्रत्येक मसुदा आवटींच्या बोटाखालून जायचा होता.

आवटींनी मंजूर दाबलं. एक अक्षर बदलायची गरज नव्हती. ते उठले आणि सर्व्हर रूमकडे निघाले.

बुधवारी दुपारी पुण्याहून आलेली मृण्मयी धायगुडे लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसली. वारस बसवणाऱ्या कंपनीची ही इंजिनिअर. वय अठ्ठावीस, बोलणं तुरुतुरु. तिला हा कारखाना आणि कँटीनची मिसळ दोन्ही फार आवडली होती.

"सर, हा तुमचा अंतिम अहवाल. सही केलीत की मी मोकळी." तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "सर्व्हर, नेटवर्क, लोकांच्या तक्रारी, सगळं एकदम छान जुळलंय. फक्त वहीचं एक विचारायचं होतं."

स्क्रीनवर ठिपक्यांचा एक आलेख होता. "चार हजार एकशे बारा निरोप आहेत," ती सांगू लागली. "यंत्र प्रत्येक वाक्याची धग मोजतं. अगदी जहरी असेल तर उणे दहा, अगदी मायेचं असेल तर अधिक दहा. हे लाल ठिपके म्हणजे दोघं जे बोलले ते. बघा कसे डावीउजवीकडे पसरलेत. आणि हे निळे म्हणजे तुम्ही पाठवलेले."

निळे ठिपके सगळे मध्यावर, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात दाटीवाटीनं बसले होते. उणे दोनच्या पलीकडे एक नाही. अधिक दोनच्याही पलीकडे एक नाही.

"डाव्या बाजूचं मला कळलं," मृण्मयी म्हणाली. "भांडण वाढू नये म्हणून तुम्ही तिखट कमी करता. पण सर, तुम्ही गोडही कापताय. उजवीकडे एकशे सदतीस निरोप आहेत आणि ते सगळे तुम्ही मध्यावर आणून ठेवलेत. तिखट कापायला तुम्हाला चार सेकंद लागतात, गोड कापायला अकरा. म्हणजे अडखळता जास्त, पण कापता. हे कंपनीचं धोरण आहे का? अहवालात कारण लिहावं लागतं."

"काहीतरी चुकलं असेल मोजताना," आवटी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी सगळ्यात उजवीकडचा ठिपका उघडून बघितला." तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती, आप्पासाहेबांच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतरचा दिवस. खाली दादांचे शब्द होते: 'सुकुमारला सांग, मी थांबायला पाहिजे होतं.' आणि त्याखाली आवटींनी पाठवलेला निरोप: 'झाल्या गोष्टीबद्दल दादांच्या मनात काही नाही.'

मृण्मयीला त्या वाक्यांचा आगापिछा ठाऊक नव्हता. तिला तो फक्त एक ठिपका होता. आवटींना मात्र तो दिवस लख्ख आठवला. दादांचे डोळे भरले होते. वाक्य टाइप करून आवटी थांबले होते. दादा आज हळवे झालेत, संध्याकाळपर्यंत त्यांनाच पस्तावा होईल, असं त्यांनी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. मग त्यांनी वाक्य जरा गुळगुळीत केलं होतं. इतकं गुळगुळीत, की माफी मागणारा भाऊ माफ करणारा होऊन बसला. अण्णांनी ते वाचलं आणि लालबुंद होऊन म्हणाले, "मोठा आला मला माफ करणारा." दुसऱ्या दिवशी दादांनी हळूच विचारलं, "काय म्हणाला रे?" आणि आवटी म्हणाले होते, "काही बोलले नाहीत."

त्यानंतर दादांनी परत कधी तो विषय काढला नाही.

"सर, बरं वाटत नाहीये का?" मृण्मयीनं विचारलं.

"हे... हे त्या दोघांना दिसतं?"

"आपोआप नाही. पण उद्या अण्णासाहेबांनी यंत्राला विचारलं, की माझ्याकडे आलेला निरोप असा का, तर ते मूळ निरोप दाखवणार आणि तुमच्या वहीचा दाखला देणार. कायदाच आहे तसा." आवटींचा चेहरा बघून तिला काहीतरी उमगलं असावं. "तुम्हाला नको असेल तर वहीचा भाग पुसता येतो, सर. तुमचा निवाडा आहे, तुमचा हक्क आहे. मग पेटी हे एक काम करणार नाही, एवढंच. तुमची डिजिटल किल्ली उद्या संध्याकाळी सहापर्यंत चालू आहे. नंतर ती मालकांकडे जाते."

आवटी उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले, परत उठले. बारा वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की हा कारखाना आपल्या दोन शब्दांच्या टेकूवर उभा आहे. आपण नसतो तर समडोळे बंधूंनी भिंत घालून फाउंड्री अर्धी केली असती. त्यात खोटंही काही नव्हतं. पण त्या बोटभर पट्ट्याकडे बघताना त्यांना दिसलं, की आपण या दोघांना लांब जाऊ दिलं नाही तसं जवळही येऊ दिलं नाही. अहवालावर सही न करता त्यांनी मृण्मयीला उद्या ये म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी दोन शर्ट घातले आणि काढले. वैजयंती, त्यांची बायको, दारात उभी राहून बघत होती.

"अहो, सत्कार चार वाजता आहे. आत्तापासून काय कपड्यांची परेड लावलीय?"

"वैजू, मी तुला लोकांचं बोलणं सांगतो ना, ते तुला कसं वाटतं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे माझी आई तुला काही म्हणायची, तू तिला काही म्हणायचीस. मधे मी असायचो."

वैजयंतीनं त्यांच्या हातातला शर्ट घेतला आणि हँगरला लावला. "तुमच्या तोंडून आलेलं सगळं कोमटच असायचं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या मैत्रिणीकडून मला कळलं, की त्या माझ्या हातच्या आमटीचं सगळीकडं कौतुक करत फिरायच्या. तुम्ही मला काय सांगायचा? 'आईनं जेवण केलं.'" ती हसत म्हणाली, पण पूर्ण हसली नाही. "पांढरा घाला. फोटोत बरा दिसतो."

कारखान्यात पोचल्यावर गेटवरच कळलं, की दादांची उद्या सकाळी मिरजेत बायपास आहे. डॉक्टरांनी तारीख अलीकडे ओढली होती. दादा दुपारपर्यंत काम करून सत्काराला थांबणार आणि मग हॉस्पिटलात भरती होणार, असा बेत होता. दादांनी आयुष्यात कधी सुट्टी घेतलेली नव्हती, तेव्हा याचं कुणाला नवल वाटलं नाही.

साडेअकराला टॅब वाजला. दादांच्या केबिनीतून निरोप आला होता. आवटींनी आधी मूळ शब्द उघडले.

'सुकुमारला सांग. मागं एकदा सांगितलं होतं, त्यानं उत्तर दिलं नाही, ते त्याचं बरोबरच होतं. आप्पांच्या वेळी मी थांबायला पाहिजे होतं. उद्या मला आत नेतील तेव्हा बाहेर तो असावा. एवढंच.'

खाली धाकट्या आवटींचा मसुदा तयार होता. 'दादांची उद्या शस्त्रक्रिया आहे. त्यांच्या अनुपस्थितीत कामकाज अण्णांनी पाहावं, ही विनंती.'

आवटी मसुद्याकडे बघत राहिले. वाक्य निर्दोष होतं. आजच्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर थेट असंच लिहिलं असतं, आणि दुपारी डबा खाताना त्यांना समाधानही वाटलं असतं.

त्यांनी दुरुस्त दाबलं. या पेटीची एक खोड होती. पहिला मसुदा नाकारला की ती आपणहून दुसरा देई. आताही तिनं दिला:

'सुकुमारला सांग. आप्पांच्या वेळी मी थांबायला पाहिजे होतं. उद्या मला आत नेतील तेव्हा बाहेर तो असावा. एवढंच.'

सगळं होतं. माया होती, माफी होती, दादांचा आवाज होता. एकच वाक्य गाळलं होतं, 'मागं एकदा सांगितलं होतं' हे. आवटींनी 'कारण'वर बोट टेकवलं. उत्तर आलं: 'गाळलेल्या वाक्यामुळे निरोप्यावरचा विश्वास जाईल. मागील नोंदींनुसार अशा वेळी आधी निरोप्याला सांभाळायचं असतं.'

या मसुद्यात कुणाचंच वाईट होत नव्हतं, हीच त्यातली गोम होती. अण्णा धावत जातील. भाऊ भावाला भेटेल. आवटींना पुण्य लाभेल, ते चार वाजता हार घेतील, सहाच्या आत वही पुसतील आणि पांढऱ्या शर्टात फोटो निघेल. दादा उद्या बरे झाले आणि कधीकाळी म्हणाले, की अरे मी तुला अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, तर म्हाताऱ्याचा घोटाळा झाला असेल म्हणून सोडून देता येईल. बोट मंजूरवर गेलं होतं. कपाळावरची पट्टी काढून आठवडा झाला होता, तरी त्यांना तिथं ती जाणवली.

त्यांना घाबरायला झालं, आणि घाबरण्यापेक्षाही स्वतःची लाज वाटली. टॅब टेबलावर तसाच ठेवून ते उठले. या वेळी ते सर्व्हर रूमकडे वळले नाहीत.

अण्णा पंपात फिरणारा एक नवा इम्पेलर हातात धरून त्याच्या पात्यांवरून अंगठा फिरवत होते. "ये. आज तुझा मान. बस की."

"दादांचा निरोप आहे," आवटी उभ्यानंच म्हणाले.

"आता ते यंत्र सांगतंय न्हवं? तू कशाला चालत आलास?"

"हा मी सांगतो." आणि त्यांनी तो सांगितला. पाठ केल्यासारखा, एकही शब्द न सोडता, दादा थांबले असतील तिथं थांबत.

अण्णांनी इम्पेलर खाली ठेवला. मग म्हणाले, "मागं एकदा म्हणजे कधी?"

"आप्पांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा म्हणाले होते, 'सुकुमारला सांग, मी थांबायला पाहिजे होतं.'"

"मला असलं काही आलेलं नाही."

"नाही आलं. मी लिहिलं, 'झाल्या गोष्टीबद्दल दादांच्या मनात काही नाही.'"

अण्णांना ते वाक्य आठवत होतं. आवटींना ते त्यांच्या तोंडावर दिसलं. "मी काहीतरी बोललो होतो त्यावर."

"'मोठा आला मला माफ करणारा.'"

"ते सांगितलंस त्याला?"

"नाही. काही बोलले नाहीत, असं सांगितलं."

"का रे?" अण्णांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर आवटींना सोपं गेलं असतं. "तुझं काय वाकडं केलं होतं आम्ही?"

"सुरुवातीला भांडण वाढू नये म्हणून करायचो. मग सवय लागली. आणि अण्णा..." पुढचं वाक्य घशाशी आलं आणि त्यांनी ते गिळलं नाही. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लागला असतात, तर मला कुणी विचारलं असतं? दोन्ही केबिनींत चालणारा माणूस मी एकटा होतो. मला ते सुटत नव्हतं. असे एकशे सदतीस निरोप आहेत, तुमचेही आहेत त्यात. सगळे मूळ शब्द वहीत आहेत. पुसायची सोय होती, पुसलेले नाहीत. तुम्हा दोघांच्या स्क्रीनवर मी ते आता उघडून देतो."

अण्णा उठले. बाहेर जाताना ते आवटींच्या इतक्या जवळून गेले, की खांद्याला खांदा लागला. पॅसेजमध्ये त्यांची दहा पावलं वाजली. समोरचं दार उघडलं आणि मिटलं.

आवटींनी आपल्या टेबलावर जाऊन किल्ली वापरली, वही दोघांसाठी खुली केली आणि पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले. काचेआड दोन माणसं समोरासमोर उभी होती. एकानं दुसऱ्याच्या दंडाला धरलं होतं. कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. आवटींना आत कुणी बोलावलं नाही.

पाऊण तासानं दोघं बाहेर आले. दादांचे डोळे सुजले होते. त्यांनी आवटींकडे बघितलं आणि मान हलवून पुढं गेले. अण्णा मात्र थांबले.

"आम्ही आत्ताच मिरजेला निघालोय. गाडी मी चालवणार आहे. चारला लोक जमतील, त्यांना माझा निरोप सांग. लिहून घेऊ नकोस, ऐक." आणि त्यांनी निरोप सांगितला. सांगून झाल्यावर म्हणाले, "कमीजास्त करू नकोस."

चार वाजता हॉल भरला होता. दोन मोठ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. फाउंड्रीतली माणसं हात धुऊन, भांग पाडून आली होती. मृण्मयी कोपऱ्यात उभी होती. वैजयंती तिसऱ्या रांगेत, ठेवणीतल्या साडीत. वर्क्स मॅनेजर इंगळ्यांना दोन्ही मालक कुठं गेले ते कळेना. हार घेऊन ते आवटींपाशी आले. "साहेब, दादा-अण्णा एकाच गाडीतनं गेले म्हणत्यात गेटवरचे. खरं काय? काही सांगून गेलेत का?"

"गेलेत," आवटी म्हणाले आणि माइकपाशी गेले.

"अण्णांचा निरोप आहे. जसाच्या तसा सांगतो." "अण्णा म्हणतात, शिरीष आवटीनं पस्तीस वर्षं या कारखान्यातलं एक यंत्र बंद पडू दिलं नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे."

टाळ्या पडल्या. फाउंड्रीच्या रांगा तर उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली, इंगळे हार उघडून पुढं सरकले, वैजयंतीनं डोळ्याला पदर लावला. टाळ्या काही केल्या थांबेनात. आवटींच्या मनात आलं, की या क्षणी माइकपासून मागं झालो तर यात खोटं काहीच नसेल. त्यांनी माइकचा दांडा धरला आणि शेवटची टाळी विरेपर्यंत वाट पाहिली.

"निरोप अजून संपलेला नाही," ते म्हणाले. "पुढं अण्णा म्हणतात, पण माझा भाऊ यानं अकरा वर्षं माझ्यापासून लांब ठेवला. तो उद्या ऑपरेशनच्या टेबलावर जातोय, आणि आज दुपारी मी त्याच्याशी पहिल्यांदा बोललो. याची भरपाई नाही. म्हणून मी हार घालायला आलो नाही, आणि माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी घालू नये."

इंगळ्यांचे हात हारासकट तिथंच थांबले. तिसऱ्या रांगेत वैजयंतीनं पदर खाली घेतला होता आणि ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

"संपला," आवटी म्हणाले आणि खाली उतरले.